बारा सिनेटर, एक उमेदवार

जुम्म्याची नमाज आटोपून मोहियुद्दीन आणि त्याचा धाकटा मुलगा नबील जिना चढून वर आले, तेव्हा अमिरुन्निसाने जेवण वाढलंच नव्हतं. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात असं एकदाच झालं होतं, थोरला मुलगा कादिर गेला त्या दिवशी. आज दुसरी खेप. जेवायला जिथे बसायचं, तिथे बारा पांढरे झगे अंथरले होते आणि प्रत्येकाला वीतभर रुंद जांभळा काठ होता. सॅटिनचा. खिडकीतून ऊन आलं की असा चमकायचा, की बघणाऱ्याने डोळे बारीक करावेत.

"माझे झगे खाली कोणी अंथरले?" नबीलने विचारलं.

"जेद्द्याच्या किशोरीबाईचा फोन आलेला," अमिरुन्निसा म्हणाली. "पोरीने स्पीकरवर लावला, मी पण ऐकला. फोटो बघून बाई म्हणाली, बारा माणसं मागवली नि बाराही सिनेटर आले, प्रजा कुठाय? आता सिनेटर म्हणजे कोण ते मला ठाऊक नाय. पण बाई हसत नव्हती एवढं कळलं."

किशोरी जेद्द्याच्या अझीझिया भागातल्या एका नाटक मंडळीचे कपडे सांभाळायची. जुन्या रोमवर नाटक होतं आणि हुफूफच्या हाताच्या शिलाईचं नाव ऐकून तिने मोहियुद्दीनच्या दुकानाला बारा झगे सांगितले होते. ते सांगणं फोनवर घेतलं नबीलने. नबील दम्मामला कामगारांचे गणवेश शिवून घेणारा माणूस, झटपट कामाचा. "रोमन म्हणजे पांढरं नि जांभळं" एवढं त्याला पुरलं. दोन दिवसांत मशीनवर बारा नग तयार, आणि वर "अब्बा, बघा, याला म्हणतात प्रॉडक्शन," हेही ऐकवून झालं होतं.

"रविवारी सकाळी त्यांचा माणूस घ्यायला येतोय," अरवा म्हणाली. ती झग्यांच्या मधोमध मांडी घालून बसली होती. कादिरची मुलगी, तेवीस वर्षांची, कापडाचं शिक्षण पुरं करून आलेली, आणि हनुवटी थेट बापाची. "तोपर्यंत बरोबर केले तर घेणार. नाहीतर कॅन्सल."

"कॅन्सल तर कॅन्सल. खलास!" नबील म्हणाला. "तसंही महिनाअखेर दुकान बंदच करायचंय."

आत समरीनने, नबीलच्या बायकोने, पातेल्यावर झाकण जरा जोरातच ठेवलं.

नबील दुष्ट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. खाली, हुफूफच्या कैसरिया बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं बिश्तचं दुकान होतं. अंगावरून सोडायचा तो अरबी मानाचा झगा, गळ्याकाठाला सोनेरी जरीचं काम. ते काम मोहियुद्दीन एक्कावन्न वर्षं करत होता. बाजूच्या गादीवर कादिर बसायचा. तीन वर्षांपूर्वी त्याच गादीवर, हातात सुई असताना, कादिरचं हृदय थांबलं. तेव्हापासून नबील दर जुम्म्याला दम्मामहून यायचा, दुकानात शिरायचा आणि त्या रिकाम्या गादीकडे पाठ करून बसायचा. त्याला ती बघवत नसे. या हिवाळ्यापासून अब्बांचा हात कापायला लागला, आणि ज्याच्या नावावर दुकान चालायचं तो कफील अबू ओमर म्हणाला की गादीवर कोण बसणार ते महिनाअखेर सांगा, नाहीतर जागा अत्तरवाल्याला देतो. आणि नबीलला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. अम्मी-अब्बांना दम्मामला न्यावं, हे कुलूप लागावं आणि आपल्याला पुन्हा त्या गल्लीत यावं लागू नये. इतकंच त्याला हवं होतं.

आणि नेमकं तेव्हाच या पोरीने डोकं वर काढलं होतं. गेल्या जुम्म्याला, भर जेवणात, आजोबांना: "दादा, मला उमेदवार म्हणून घ्या."

"उमेदवार? इलेक्शन आहे काय?" असं म्हणून नबील हसला होता. मोहियुद्दीन हसला नव्हता. कोकणातल्या म्हसळ्याहून सौदीला येताना तो हाच शब्द घेऊन आला होता. कारागिराच्या हाताखाली शिकायला बसतो तो उमेदवार. "उमेदवारी सात वर्षांची असते, पोरी," एवढंच तो म्हणाला होता. पण अमिरुन्निसाने ताटावरून उठता उठता निकाल देऊन टाकला: "ती गादी माझ्या कादिरची आहे. तिथे कोणी बसायचं नाय. तूही नाय." पोरीची आई मैमुना भाचीच्या लग्नाला गावी गेलेली, त्यामुळे पोरीच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं.

"चाचू, प्लीज, पाच मिनिटं ऐका," अरवा आता म्हणाली. "या झग्याला टोगा म्हणायचे. रोममध्ये कपडा बघून माणूस कोण ते कळायचं. साधा नागरिक असेल तर लोकरीच्या मूळ रंगाचा, मळकट पांढरा. जांभळा काठ फक्त मोठ्या हुद्देदाराला. आणि घरंदाज लहान मुलांना, मोठी होईपर्यंत. तुम्ही बाराही जणांना काठ लावलात. म्हणजे लग्नाला गेलो आणि बघतो तर सगळेच नवरदेव!"

आत समरीन खुदकन हसली.

"बघणाऱ्याला काय कळतंय?" नबील म्हणाला. "नाटक बघायला येणारा काय रोमहून येणार आहे?"

"कळतं रे," मोहियुद्दीन म्हणाला.

तो अजून दारातच उभा होता. चप्पलही काढली नव्हती.

"कळतं," तो पुन्हा म्हणाला आणि खाली बसला. "मी एकोणीस वर्षांचा. उस्तादाने काळा बिश्त दिला, सोनेरी कामाचा, म्हणाला अमुक शेखच्या घरी पोचव. घडी मोडेल म्हणून मी काय केलं, तो अंगातच घातला नि कैसरियातून चाललो. दोन्ही बाजूंचे दुकानदार उठून उभे राहायला लागले. अस्सलामु अलैकुम, अस्सलामु अलैकुम! मला वाटलं, काय अदबशीर लोक आहेत हे! मी पण सलाम घेत घेत चाललो. पुढे एक म्हातारा माझ्या हातात अर्ज द्यायला लागला, तेव्हा मी घाबरलो."

"मग?" अरवाने विचारलं. ही गोष्ट तिने वीसेक वेळा ऐकली होती.

"मग काय? उस्तादाने दोन ठेवून दिल्या. म्हणाला, ते तुला नाय उठले, कापडाला उठले. शिवणाऱ्याला हे पयलं कळाय पायजे." मोहियुद्दीनने एका झग्याचा काठ चिमटीत धरला. "आणि हा रंग कसला गो? असला जांभळा असायचा त्यांचा?"

"नाही, दादा. समुद्रातल्या गोगलगायींपासून काढायचे. हजारो गोगलगायी कुटल्या की जरासा रंग. वास तर असा यायचा, की रंगाऱ्यांची वस्ती गावाबाहेर ठेवायचे."

"म्हणजे हुद्देदार बाजूने गेला की सुक्या बोंबलाचा वास!" समरीन ओल्या हाताने बाहेर आली. तिला राहवेना.

"आणि रंग जांभळासारखा नाही, चाची. सुकलेल्या रक्तासारखा. काळपट लाल, उजेडात धरला तर जांभळ्याकडे झुकणारा."

मग अमिरुन्निसा, जिचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता असं तिचं तोंड सांगत होतं, ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि बरणीतून एक आमसूल घेऊन आली. म्हसळ्याहून दर वर्षी येणारं. तिने ते पांढऱ्या कापडावर ठेवलं.

"असा?"

अरवा बघतच राहिली. "दादी! अगदी असाच!"

"मग आमसूल म्हण की सरळ. गोगलगायी कशाला कुटतेस?" अमिरुन्निसा म्हणाली आणि लगेच तिला आठवलं की आपण या पोरीवर रागावलेलो आहोत. ती परत जाऊन भिंतीशी बसली.

पण मोहियुद्दीन उठला होता. आमसुली अस्तराचा एक तुकडा दुकानात वरच्या फळीवर होता, त्याला पक्कं ठाऊक होतं. "यल्ला, नबील, शिडी धर," तो म्हणाला. नबीलने बापाच्या तोंडाकडे बघितलं. गेल्या सहा महिन्यांत अब्बांनी त्याला कसलंही काम सांगितलं नव्हतं. तो मुकाट्याने उठला.

जेवणं उभ्या उभ्याच झाली. भात, डाळ आणि समरीनचं सुरमईचं कालवण, ज्याला जिथे जागा मिळाली तिथे. जेवता जेवता अरवाने वाटणी करून टाकली. बारांपैकी एक हुद्देदार, त्याला आमसुली काठ, तोही चार बोटं रुंद. सात साधे नागरिक, काठ उसवायचा आणि कापड चहात बुडवून मळवायचं. तिघांचा नुसता काठ उसवायचा, कापड पांढरंशुभ्रच ठेवायचं.

"का? ते तिघे कोण लागून गेले?" नबीलने विचारलं.

"निवडणुकीला उभे राहणारे. रोममध्ये हुद्दा मागायला जो उभा राहायचा, तो आपला टोगा खडूने घासून पांढराफेक करायचा. गर्दीत लांबून दिसावा म्हणून. त्या पांढऱ्याला ते कॅन्डिडा म्हणायचे." अरवा थांबली. तिच्या हनुवटीकडे बघून समरीनला कळलं की आता काहीतरी येणार. "कॅन्डिडेट शब्द तिथला आहे, चाचू. खडू फासून उभा राहतो तो उमेदवार. तुम्ही त्या दिवशी हसलात ना, इलेक्शन आहे काय म्हणून? दोन्ही एकच आहेत. मी पण मागायलाच उभी आहे."

नबीलने घास तसाच धरून ठेवला. "तुला काय वाटतं, मला तुझं वाईट करायचंय?"

"नाही. तुम्हाला माझ्या अब्बांची गादी बघवत नाही. मला ती रिकामी बघवत नाही."

नबील हात धुवायला गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. परत आला तेव्हा समरीन चुलीवर बिर्याणीची मोठी देग चढवत होती.

"हे काय?"

"सुलेमानी चहा. सात माणसांना आंघोळ घालायची आहे," ती म्हणाली. "बघत काय राहिलात? देग उचलायला हात लावा. तुम्हीच शिवलेत ना सिनेटर? आता प्रजा करायलाही लागा."

आणि नबील लागला. बायकोने बाजू बदलली की नवऱ्याचा विरोध फार काळ टिकत नाही, हा काही फक्त रोमचा इतिहास नव्हे.

मोहियुद्दीन खिडकीशी बसून बघत होता. अरवा उसवत होती. मशीनची शिलाई घट्ट आणि बारीक, ओढली की कापडाला भोकं पडणार. ती ओढत नव्हती. चौथा टाका सुईच्या टोकाने उचलायची, तोडायची, पुन्हा चौथा, आणि मग उलट्या बाजूने सबंध दोरा सुटून यायचा. असरच्या नमाजेची वेळ होईपर्यंत पाच काठ उतरले. तिने पाणी मागितलं नाही की मान मोडली नाही.

हे हिला कोणी शिकवलं? मोहियुद्दीनला आठवलं. कादिर असाच चौथा टाका उचलायचा. शाळेतून आलेली पोर दप्तर टाकून त्याच्या गुडघ्याशी बसायची, आणि आपण ओरडायचो, जा, अभ्यास कर! उमेदवाराने पहिलं वर्ष जरीला हात लावायचा नाही, नुसतं उसवायचं, हा त्याच्या उस्तादाचा नियम होता. ज्याला उसवता येत नाही, त्याला शिवता येत नाही. म्हणजे या पोरीचं पहिलं वर्ष केव्हाच होऊन गेलं होतं, आणि आपल्या नाकासमोर.

त्याने एक उसवलेला झगा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. हात कापत होता, त्यामुळे कापडही हलत होतं. तरी त्याला हवं ते दिसलं.

"भोक नाय," तो म्हणाला.

अरवाने वर बघितलं नाही, पण तिचे कान लाल झाले.

"कैसरिया म्हणजे काय ठाऊक आहे, दादा?" थोड्या वेळाने ती म्हणाली. "कैसराचा बाजार. कैसर म्हणजे रोमचा सीझर. एक्कावन्न वर्षं तुम्ही सीझरच्या दारात शिवत बसलात."

"आणि त्याने एकदापण बिश्त घेतला नाय," मोहियुद्दीन म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी तो मोकळा हसला.

अकरा झाले. उरला बारावा, आणि घोडं तिथेच अडलं.

"हा शोकातला माणूस आहे," अरवा म्हणाली. "त्याचा भाऊ मारला गेलाय आणि तो तसाच सभेत येऊन उभा राहतो. नाटकातला सगळ्यात मोठा प्रसंग. घरात मयत झालं की रोमन माणूस गडद टोगा घालायचा, काळपट लोकरीचा. हे कापड चहाने तेवढं गडद होत नाही. बघा, मी केलं करून." तिने एक कोपरा दाखवला. नुसता चहा सांडल्यासारखा दिसत होता.

"काळं कापड दुकानात आहे की," नबील म्हणाला. शर्टाच्या बाह्या वर, हात कोपरापर्यंत चहाने रंगलेले.

"ते चकाकतं, चाचू. मानाचं काळं आहे ते. हे दुःखाचं हवं. अंगावर जड पडणारं." ती थांबली. "तसं कापड या घरात एकच आहे."

कोणतं ते कोणाला सांगावं लागलं नाही. कादिरने शेवटच्या हिवाळ्यात उंटाच्या लोकरीचं गडद तपकिरी कापड आणलं होतं. त्याच्यावर गळ्याची खूण खडूने आखून ठेवली आणि म्हणाला, उद्या कापतो. ते कापड तीन वर्षं अमिरुन्निसाच्या ट्रंकेत होतं, मलमलीत गुंडाळलेलं. ती ते कोणाला दाखवत नसे. महिन्यातून एकदा, घरात कोणी नसताना, ती घडी उघडायची आणि खडूची ती रेघ बघायची. बोट लावायची नाही. पुसली तर?

"नाय," ती म्हणाली.

"दादी, कात्री लावणार नाही. टोगा नुसता गुंडाळायचा असतो. खुणेवर कागद लावून घडी आत घेईन. रेघेला कोणाचं बोट लागणार नाही. नाटक झालं की जशाच्या तसं आणून तुझ्या ट्रंकेत ठेवीन. वचन देते."

"नाय म्हटलं ना? कोणा नाटकवाल्याच्या अंगावर माझ्या कादिरचं कापड?"

"अम्मी बरोबर बोलतेय," नबील घाईने म्हणाला. "बारावा राहू दे. अकरा देऊ."

"अकरा दिले तर काम अर्धवट राहिलं म्हणतील," अरवा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "आणि खरंच राहिलं असेल. त्या माणसाचा भाऊ गेलाय, आणि आपण त्याला चहा सांडलेलं कापड देणार? दुसरं कोणी देईल. आपण कसं देऊ?"

अमिरुन्निसाने नबीलकडे बघितलं. त्याची मान खाली होती. भाऊ गेलेला माणूस इथेही उभा होता, चहाने रंगलेल्या हातांनी, आणि तीन वर्षांत तो आपल्यासमोर एकदाही रडला नव्हता. आपण त्याला रडू तरी कुठे दिलं? शोक सगळा आपल्या ट्रंकेत, किल्ली आपल्या कमरेला.

"ते रोमवाले," तिने अचानक विचारलं, "गडद कपडे किती दिवस घालायचे?"

"ठराविक मुदत असायची, दादी. मग उतरवायचे. उतरवून पुन्हा आपला नेहमीचा टोगा."

"उतरवायचेच?"

"हो. कोणी जन्मभर घालून बसलं, तर त्याला चांगलं म्हणत नसत."

अमिरुन्निसा उठली. आतून ट्रंकेची कडी वाजली, तरी ती लवकर बाहेर येईना. समरीन उठायला लागली, तर मोहियुद्दीनने तिला हातानेच थांबवलं.

अमिरुन्निसा बाहेर आली ती कापड दोन्ही हातांवर घेऊन. ते तिने नबीलपुढे धरलं. "आधी तू बघ. तुझ्या भावाचा हात आहे."

नबीलने घडी उघडली. तपकिरी लोकरीवर पांढरी रेघ तशीच होती, डावीकडे जरा जाड, कारण कादिर खडू तिरका धरायचा. नबील त्या रेघेकडे बघत राहिला आणि मग त्याचा चेहरा एकदम मोडला. तो लहान मुलासारखा रडला, सगळ्यांसमोर, कापडावर थेंब पडू नये म्हणून ते लांब धरून. कोणी त्याला उगी केलं नाही. समरीनने फक्त कापड त्याच्या हातातून अलगद घेतलं.

सूर्यास्ताला, मगरिबच्या नमाजेआधी अरवाने ते नबीलच्याच अंगावर गुंडाळून बघितलं. डाव्या खांद्यावरून, उजव्या काखेखालून, पुन्हा वर. कापड जड पडलं. नबील ताठ उभा राहिला. त्याला बघून मोहियुद्दीन नकळत उठून उभा राहिला, आणि या वेळी ते कापडाला नव्हतं.

फोटो गेला. किशोरीचं उत्तर लगेच आलं: हा शोकवाला कुठून आणलात? बाराही घेते.

"सोमवारी नाटक आहे, दादी," अरवा कापडाची घडी घालत म्हणाली. "बाईला कळवलंय, हा एक परत द्यायचा. मंगळवारी ट्रंकेत आणून ठेवते."

"ट्रंकेत नको," अमिरुन्निसा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"दुकानात आण. खूण केलेलं कापड ठेवून देत नायत, कापतात. माझ्या कादिरने उद्या कापतो म्हटलेलं." ती अरवाकडे वळली. "त्या रेघेवर काप. त्याचा बिश्त तू पुरा कर. आणि बसायचं तर गादीवर बस, जमिनीवर नाय. गादी मिळायच्या आधी जमिनीवर बसून बसूनच तुझ्या बापाचे गुडघे गेले."

मोहियुद्दीनने खिशातून शिंप्याचा खडू काढला. एक्कावन्न वर्षं त्याच्या खिशात खडू असायचाच. अरवाने हात पुढे केला, पण म्हाताऱ्याच्या बोटांना कंप होता. खडू निसटला आणि तिच्या काळ्या अबायाच्या बाहीवर कोपरापासून मनगटापर्यंत लांब पांढरा पट्टा ओढत तिच्या ओंजळीत पडला.

"अबू ओमरला मी सांगतो," नबील म्हणाला. "इकाम्याचे, राहण्याच्या परवान्याचे कागद पण मीच बघतो. जा तू, नमाजची वेळ झाली. आणि ती बाही झटक आधी, खडू लागलाय."

"राहू दे, चाचू," अरवा म्हणाली. "उमेदवार आहे मी."